हॅरोची गाणी, हॅट आणि हाउस

ताई, लंडनमधली मुलांची निवासी शाळा हॅरो स्कूल बघून आल्यावर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ती गवती हॅट, रविवारचा शेपटीवाला कोट, ती गाणी हे सगळं निव्वळ दाखवण्यापुरतं आहे का? आणि दहा वर्षांच्या लेकाचं नाव तिथे घालावं का? आमचा धाकटा तेराव्या वर्षापासून तिथेच शिकला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाखवण्यापुरतं अजिबात नाही. मला ते पटलं गाण्यांमुळे. एडवर्ड बोवेन या शिक्षकाने शब्द लिहायचे आणि जॉन फार्मर या संगीतशिक्षकाने चाल लावायची, अशी शाळेची ही गाणी जमत गेली. सर्वांत प्रसिद्ध असलेलं ‘फॉर्टी इयर्स ऑन’ १८७२चं. स्पीच रूम या अर्धवर्तुळाकार सभागृहात सगळी शाळा बसते, एक नवा मुलगा उभा राहून एकट्याने नवखेपणाचं गाणं म्हणतो आणि बाकीची शाळा एका सुरात त्याला साथ देते. घरापासून तुटलेल्या तेरा वर्षांच्या पोराला त्या क्षणी काय वाटत असेल, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. डिसेंबर १९४०मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना पंतप्रधान चर्चिल ही गाणी ऐकायला मुद्दाम शाळेत आले, आणि पुढे म्हातारपणीही येत राहिले. विद्यार्थी असताना हेच चर्चिल सर्वांत खालच्या वर्गात रखडले होते, बरं का! पण मेकॉलेच्या कवितांच्या बाराशे ओळी न चुकता म्हणून त्यांनी बक्षीस मिळवलं होतं आणि तलवारबाजीतही ते चमकले होते. एक ना एक गोष्ट मुलाला सापडावी इतका वाव तिथे आहे, हे मी आजही म्हणेन.

हॅटचं म्हणाल तर मुलं तिला आठवड्याभरात सरावतात. रस्त्यात शिक्षक दिसले की हॅटच्या कडेला बोट लावायचं, एवढंच. खरी मजा हॅरो फुटबॉलची. टेकडीखालच्या चिकणमातीत, गुळाच्या छोट्या ढेपेसारख्या बुटक्या, जाड चेंडूने हा खेळ चालतो. कपडे धुण्याच्या पलीकडे जातात आणि मुलं भलतीच खूश असतात. स्क्वॉश हा खेळही याच शाळेत जन्मला. १६१५च्या फोर्थ फॉर्म रूम या जुन्या वर्गात लाकडी भिंतींवर कवी बायरनसारख्यांनी कोरलेली नावं तुम्ही पाहिलीच असतील.

आपली माणसंही तिथे पूर्वीच पोचली होती. जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ हेडमास्तरांच्या हाउसमध्ये, म्हणजे मुलं राहतात त्या वसतिगृहात, होते. तिथेच बडोद्याच्या गायकवाडांचा एक मुलगा त्यांच्या बराच पुढे होता, आणि क्रिकेटमुळे तो सगळ्यांचा आवडता होता, असं नेहरूंनी लिहून ठेवलंय. खुद्द नेहरूंना तिथे पूर्णपणे मिसळल्यासारखं कधी वाटलं नाही, तरी निघताना वाईट वाटलंच. मला हे दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हीची तयारी ठेवूनच मुलाला पाठवावं.

जुन्या काळाचं कौतुक करताना एक विसरू नये. या सगळ्या शाळांत लहान मुलांनी मोठ्यांची कामं करायची, चुकलं की छडी खायची, हे शतकानुशतकं चाललं. आता नाही. खाजगी शाळांतली छडी इंग्लंडमध्ये १९९९मध्ये कायद्यानेच गेली. तरी भेटीला जाल तेव्हा दादागिरी झाली तर कोण बघतं, मुलगा रात्री रडत असेल तर कोणाच्या लक्षात येतं, हे बिचकू नका, सरळ विचारा. उत्तर देताना माणूस अडखळतो का, तेही बघा.

माझ्या मते सगळं येऊन थांबतं ते हाउसवर. बारा हाउसेस, प्रत्येकात साधारण सत्तर मुलं, हाउसमास्तर आपल्या कुटुंबासह तिथेच राहतात आणि मेट्रन कपडे, औषधं, रुसवेफुगवे सांभाळते. सुरुवातीला मुलगा आणखी एकाबरोबर खोलीत राहतो, पुढे स्वतःची खोली मिळते. शाळा एकच असली तरी दोन हाउसमधल्या मुलांचे अनुभव पार वेगळे असू शकतात. म्हणून शाळेच्या नावावर जाऊ नका. दोन-तीन हाउसमास्तरांशी निवांत बोला, आणि मुलालाही त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या. आमचा धाकटा ज्यांच्याशी पहिल्या भेटीत क्रिकेट सोडून भलत्याच विषयावर अर्धा तास बोलला, त्यांच्याकडेच आम्ही त्याला दिला.

व्यवहाराचं थोडक्यात. घरून ये-जा करणारी मुलं तिथे नाहीतच, शनिवारी सकाळी तास असतात, रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना. घरी यायचं ते ठरलेल्या सुट्ट्यांतच. दर शनिवार-रविवार लेक जवळ हवा असेल तर ही शाळा तुमच्यासाठी नाही. फी वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या वर, शिवाय जानेवारी २०२५पासून वीस टक्के व्हॅट. शिष्यवृत्ती आणि आर्थिक मदत आहे, त्याची चौकशी संकोच न करता पहिल्याच भेटीत करा. प्रवेश तेराव्या वर्षी असला तरी चाळणी परीक्षा त्याच्या दोनेक वर्षं आधी होते आणि नोंदणी त्याहून आधी. तेव्हा पुढचं सगळं नंतर ठरवा, नोंदणीची मुदत मात्र याच आठवड्यात शाळेला फोन करून विचारून घ्या.