चिठ्ठी नसलेल्या मिरचीच्या रोपांची जात कशी ओळखावी?
नर्सरीतून आणलेल्या रोपांची जात नुसत्या पानांवरून सांगणे जवळजवळ अशक्य असल्याने फुले येईपर्यंत थांबावे. प्रत्येक पेरावर (फांदीवर पान फुटते त्या सांध्यावर) एकच पांढरे फूल येत असेल, तर रोप बहुधा ज्वाला, ब्याडगी आणि ढोबळी मिरची ज्या प्रजातीत मोडतात, त्या कॅप्सिकम ॲन्युअमचे असते. याउलट, एकाच पेरावर दोन-तीन हिरवट फुले येऊन फळ धरल्यावर देठाच्या सांध्याशी आवळल्यासारखी खाच दिसली, तर ते भूत जोलोकिया या अतितिखट मिरचीच्या गटातील, म्हणजे कॅप्सिकम चायनेन्सचे असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी चव घेऊन खात्री करण्याचा मोह टाळलेलाच बरा. प्रजाती कळल्यावर नेमका वाण मात्र फळांवरूनच ठरतो: ज्वाला लांब, बारीक व सुरकुतलेली असते, तर ब्याडगी वाळल्यावर गडद लाल होते. संकरित वाणाचे नेमके नाव दुकानदारालाच विचारावे.