हॅलोवीनच्या हॉन्टेड हेराइडला रात्री फोटो काढायला कोणता फ्लॅश घ्यावा?

कोणताच घेऊ नका. घेतला असेल तर बहिणीच्या घरी ठेवून जा.

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या शेवटी न्यू जर्सीला बहिणीकडे जाताय, तिथे रात्रीच्या हॉन्टेड हेराइडचे (म्हणजे गवताच्या गाडीत बसून भुतांच्या देखाव्यांमधून मारायची फेरी) आणि मक्याच्या शेतातल्या भुताच्या वाटेचे फोटो काढायचेत, कॅमेरा आहे, फ्लॅश सुचवा. आधीच्या उत्तरांत तिघांनी तीन मॉडेलं सुचवलीत. ती वाचून मला राहवलं नाही. माझी लेक अशाच एका शेतावर दोन सीझन भूत व्हायची, आणि दोन्ही वर्षं मी तिथल्या मंडळींचे फोटो काढलेत. शिवाय मी फोटोग्राफरच्या घरातली आहे. बाबांचा मिरजेला स्टुडिओ होता, तो आता दादा चालवतो. फ्लॅशवरून माझा आणि दादाचा तीस वर्षं वाद चाललाय, हेही आधीच सांगते.

अशा जागी अंधार मुद्दाम बांधलेला असतो. काळं रंगवलेलं प्लायवूड, लोंबणारी फाटकी कापडं, कोपऱ्यात लपवलेला एखादा हिरवा किंवा जांभळा दिवा, आणि त्या दिव्याचा उजेड भुताच्या अर्ध्याच तोंडावर पडेल अशी त्याची उभं राहायची जागा ठरलेली. तुमचा फ्लॅश उडाला की मुखवट्याची शिवण, प्लायवूडचे स्क्रू, भिंतीवर टांगलेलं आग विझवायचं नळकांडं, सगळं एका पातळीवर येतं. त्यात धूर. तो म्हणजे ग्लायकॉल आणि पाण्याचे तरंगणारे बारीक थेंब. आंबा घाटात धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तेच फोटोत होतं. मागचं भूत दिसतसुद्धा नाही.

हे झालं फोटोपुरतं. त्याहून मोठं कारण माझ्या घरात घडलंय.

२०२२ च्या ऑक्टोबरात दादा पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत आला. लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि शुक्रवार-शनिवार रात्री शेतावर जायची. तिचं काम मक्यातलं. ऑक्टोबरात मका वाळून खडखडीत होतो, डोक्याच्या वर जातो. ती दोन ओळींच्या मध्ये दबा धरून बसायची आणि घोळका पुढे सरकला की मागून उठायची. मागून का, तर समोरून घाबरवलं की माणसं उलटी पळतात आणि मागच्यांवर आदळतात. मागून घाबरवलं की पुढे धावतात, वाट तुंबत नाही. हे मला तिनेच शिकवलं. मला वाटायचं नुसतं ओरडायचं काम असेल. पण घोळक्यात कोण खरंच घाबरलंय, कुणाच्या कडेवर मूल आहे, कोण पिऊन आलाय, हे तिला दोन सेकंदांत ओळखावं लागायचं, तेही अंधारात आणि मुखवट्याच्या रुपयाएवढ्या दोन भोकांतून.

आईने मिरजेहून सांगून ठेवलं होतं की नात भूत होते म्हणजे करते काय ते मला बघायचंय, फोटो आण. दादाने ते फार मनावर घेतलं. निघायच्या आधी जेवताना लेक त्याला म्हणाली होती, "मामा, फ्लॅश नको हं, आत बंदी आहे." तो "बरं बरं" म्हणाला. फाटकावर पाटीही होती. दादाला इंग्रजी वाचता येतं.

लेक कुठून उठणार हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याने तिलाच विचारून घेतलं होतं. वळणावर तो मुद्दाम मागे राहिला. मक्याची पानं सळसळली, ती उठली, तो वळला आणि चार फुटांवरून तिच्या तोंडावर फ्लॅश मारला.

ती दोन तास अंधारात बसलेली होती. अंधाराला पुरतं सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ते सरावलेपण एका लखलखाटात जातं. तिला फक्त एक हिरवा डाग दिसत होता, असं तिने नंतर सांगितलं. वाटेतून बाजूला व्हायला म्हणून ती मागे सरली, टाच मक्याच्या ताटाच्या खुंटात अडकली आणि ती डाव्या हातावर पडली. मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली. वाट थांबवली, दिवे लावले, तिच्या सोबतची मुलं मुखवटे काढून धावत आली. आम्हाला बाजूच्या वाटेने बाहेर नेलं. कुणी आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. सीझनचे उरलेले दोन आठवडे तिचे गेले. ती हात दुखतो म्हणून रडली नाही, ते दोन आठवडे गेले म्हणून रडली.

गाडीत दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला चेहरा दिसायला नको का?"

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरात तो फोटो दाखवला. तांत्रिकदृष्ट्या चोख. दादाचा हात पक्का आहे, ते मी कधी नाकारलं नाही. 'दहा फुटाला आठ, पाच फुटाला सोळा' हे फ्लॅशचं गणित आम्ही दोघांनी पाढ्यासारखं पाठ केलेलं (आठ, सोळा हे लेन्सच्या भोकाचे आकडे, आकडा मोठा तसं भोक लहान). फोटोत एक रबरी मुखवटा होता, त्याखाली माझ्याच जुन्या स्वेटरचा गळा, मागे कागदासारखी पांढरी पडलेली पानं. दादा म्हणाला, "स्वच्छ आलाय." मी म्हटलं, "यात रात्र कुठेय?" तर म्हणे, रात्र कशाला हवी, गिऱ्हाईक चेहऱ्याचे पैसे देतं. हे बाबांचं वाक्य. आणि चेहरा तर त्या फोटोतही नव्हताच, रबर होतं. हे मी त्या रात्री बोलले नाही, म्हणून आज लिहिते.

आता बाबांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १९९३ साली चुलतबहिणीच्या लग्नात आदल्या रात्री मी हट्टाने फ्लॅश न लावता समईच्या उजेडात एक रोल काढला. १०० एएसएची फिल्म (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा हा आकडा, आता त्यालाच आयएसओ म्हणतात). छत्तीसच्या छत्तीस फ्रेम हलल्या. बाबा रागावले, दादा हसला, आणि बाबा बरोबर होते. त्या फिल्मवर दुसरा इलाज नव्हता. आज साधा कॅमेराही आयएसओ ६४०० ला कामापुरता फोटो देतो, म्हणजे त्या फिल्मच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या उजेडात काम भागतं. बाबांचा नियम त्या फिल्मसाठी होता. दादाने तो सगळ्या फोटोंना लावला आणि तिथेच धरून बसला.

म्हणून फ्लॅशचे पैसे लेन्सला घाला. ३५ किंवा ५० मिमीची, एफ १.८ ची साधी लेन्स पुरते. भोक पूर्ण उघडं, आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/६० ते १/१२५ सेकंद, रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेली कच्ची फाइल). कॅमेरा स्वतःहून फोटो उजळ करायला जातो, त्याला एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली ओढा, काळं काळंच राहू द्या. फोटो दाणेदार येईल, येऊ दे. फोकस शोधताना कॅमेऱ्यावर एक बारीक दिवा पेटतो, तो मेनूत जाऊन बंद करा, तोही डोळ्यावर येतो. कॅमेऱ्यामागची स्क्रीन अगदी मंद करा. अंधारात फोकस भरकटतो, तेव्हा तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या उजळ वस्तूवर आधी धरून ठेवा आणि मॅन्युअल करा. बंदिस्त भागात बाहेर पडायच्या वाटेची लाल पाटी असते, मी नेहमी तिच्यावर धरते, आणि कित्येकदा तिचाच उजेड मला पुरलाय.

ट्रायपॉड नेऊ नका. वाटा अरुंद असतात आणि त्याच सुटकेच्या वाटा असतात. न्यू जर्सीत याबाबत कुणी चालढकल करत नाही. ११ मे १९८४ ला जॅक्सनच्या ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या करमणुकीच्या बागेतल्या 'हॉन्टेड कॅसल'ला आग लागली आणि आठ तरुण मुलं आत अडकून मेली. तिथे पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. कायदे त्यानंतर कडक झाले. तिथला पोरगा तुम्हाला "इथे उभं राहू नका" म्हणाला तर वाद घालू नका.

लुकलुकणाऱ्या स्ट्रोबच्या खोलीत घाईचं शटर कामाचं नाही, दहातल्या नऊ फ्रेम काळ्या येतात. दिवा सेकंदाला दहाएक वेळा लुकलुकत असेल तर १/१० ठेवा, एक लखलखाट हमखास सापडतो आणि तोच आकृती गोठवतो. एलईडी दिव्यांखाली आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर फोटोवर आडवे पट्टे येतात, साधं यांत्रिक शटर वापरा. जांभळ्या यूव्ही दिव्याखाली रंग वेडेवाकडे येतील, ते घरी रॉमध्ये सुधारता येतात. मोबाइलचा नाइट मोड स्थिर वस्तूंना चांगला, धावणाऱ्या भुताला निरुपयोगी.

आणि हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: पुष्कळ ठिकाणी आत फोटोच चालत नाहीत, फ्लॅश असो वा नसो. तिकीट काढण्याआधी त्यांचे नियम वाचा. बंदी असेल तर बाहेरच्या रांगेत थांबा, फोटोला उत्तम जागा तीच. तिथली भुतं फोटोसाठी खुशीने उभी राहतात. काही ठिकाणी गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या लावलेले कलाकार असतात, ते धावत येऊन गुडघ्यांवर घसरतात आणि जमिनीवर ठिणग्या उडतात. त्यांना स्लायडर म्हणतात. हा प्रकार कॅलिफोर्नियाच्या नॉट्स बेरी फार्म या करमणुकीच्या बागेतून पसरला, तिथला हॅलोवीन १९७३ पासून चालतो. १/३० शटर ठेवून त्यांच्याबरोबर कॅमेरा फिरवा, ठिणग्यांच्या रेषा मिळतात. शक्य असेल तर शेतावर आधी मेल करून विचारा की रंगीत तालमीच्या रात्री येऊन फोटो काढू का, आणि फोटो त्यांना फुकट देईन म्हणा. मला तसाच शिरकाव मिळाला. त्या रात्री तुम्ही माणसाला सांगू शकता, "पुन्हा एकदा उठ."

बहिणीचं घर फिलाडेल्फियाच्या बाजूला असेल तर ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरी दिवसा बघून या. १८२९ ते १९७१ खराखुरा तुरुंग होता, १९९१ पासून तिथे हॅलोवीनचे खेळ होतात, जुन्या इमारतीसाठी पैसा उभा करायला ते सुरू झाले. कोठड्यांच्या छताला असलेल्या झरोक्यांतून दिवसाचा उजेड पडतो. एकाच खिडकीतून आलेला उजेड किती सांगू शकतो हे तिथे अर्धा तास बसलात की समजतं, मग रात्रीही तोच शोधाल.

२०२३ ला लेक पुन्हा उभी राहिली, त्याच वळणावर. मी तिच्या मागच्या पिवळ्या दिव्याच्या आणि धुराच्या रेषेत उभी राहिले. ३५ मिमी, एफ १.८, १/८०, ६४००. फोटोत चेहरा नाही. मका आहे, धूर आहे आणि मध्ये एक काळी आकृती. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डावा खांदा वर करून उभी आहे. हिचे आजोबा असेच उभे राहायचे कॅमेरा घेऊन." दादा तिच्या मागे उभा होता. म्हणाला, "आईला आधीच माहीत होतं कोण आहे ते." अजूनही तो तेच म्हणतो. आईने त्याच्या फोटोचीही प्रिंट काढून घेतली, हेही खरं.

दादा वाईट माणूस नाही. लेकीचा हात बरा होईपर्यंत तो रोज फोन करायचा, तिच्याशी बोलायचा. मला मात्र त्याने 'चुकलं' असं एकदाही म्हटलेलं नाही.

फ्लॅश चालतो ती एकच वेळ: बाहेर, दिव्यात, समोरच्या माणसाला विचारून, आणि तो हो म्हणाला तर. तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. कमेंटमध्ये टाका, त्याला कोणती जुनी १.८ ची लेन्स स्वस्तात बसेल ते सांगते.