रेडिओवरून वर्ग घ्यायचाय? मग आधी एवढंच करा

ताई, संध्याकाळच्या प्रौढ वर्गात रेडिओ लावायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. कोल्हापूर आकाशवाणी 102.7 वर लागते, शेतीविषयक कार्यक्रमापासून सुरुवात करा.

नवीन माणूस हमखास एक चूक करतो: अख्खा कार्यक्रम लावून गप्प बसतो. दिवसभर ऊसतोड करून आलेली बाई दहाव्या मिनिटाला पेंगते. म्हणून सात-आठ मिनिटंच ऐकवा. त्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा, "खत कधी टाकायला सांगितलं?" एवढा साधा. कान लगेच टवकारतात. माझ्या वर्गात एका मावशींनी उत्तर सांगता सांगता 'युरिया' हा शब्द पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिला. खडू दोनदा मोडला, पण लिहिला.

1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं, म्हणजे एकत्र बसून रेडिओ ऐकणारे गट, चालवली. ऐका, चर्चा करा, कृती करा, हीच त्यांची रीत होती. त्यातली चर्चा कधीच गाळू नका.

- कार्यक्रम स्वतः आधी ऐका, जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ऐनवेळी खरखर आली की वर्ग हातचा जातो.
- मध्ये बोलू नका. थांबवा, मग बोला.

आधी चार वर्ग असे घ्या आणि काय झालं ते कळवा.