चार जागा, चार मते

प्रश्न : आमच्या महापालिकेच्या प्रभागात चार जागा आहेत. मला एकच उमेदवार पसंत आहे. त्याला एकट्याला मत देऊन परत यावे का? शिवाय शेजारच्या प्रभागात मतदार असलेली माझी बहीण येथून उभी राहू शकेल का?

उत्तर : तसे परतू नका. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची मतपत्रिका यंत्रावर वेगळ्या रंगात दिसते आणि चारही जागांसाठी बटण दाबल्यावरच शिटीचा लांब आवाज होऊन मतदान पूर्ण होते. ज्या जागेसाठी कोणीच पटत नसेल, तेथे ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण हक्काने दाबावे. अर्धवट मतदान करून निघून जाणाऱ्यांना पाहिले की मनापासून वाईट वाटते.

बहिणीचे नाव त्याच शहराच्या मतदारयादीत असेल आणि वय 21 पूर्ण असेल, तर ती शहरातील कोणत्याही प्रभागातून उभी राहू शकते. मात्र राखीव जागेच्या अटी तपासाव्यात आणि 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांमुळे एकूण संख्या दोनच्या वर गेल्यास अपात्रता येते, हे ध्यानात ठेवावे. प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा, आणि परवानगीशिवाय कोणत्याही भिंतीवर ते चिकटवू नये.