पाच दिवसांत हिमबिबट्या दिसेल का?

प्रश्न: मी नाशिकरोडला राहते, वय ४९. दर रविवारी आमचा ग्रुप अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी करतो, कळसूबाई तीनदा झालंय. फेब्रुवारीत मी आणि मिस्टर लडाखला हिमबिबट्या बघायला जायचं म्हणतोय. एक टूरवाले म्हणाले ५ दिवसांत शंभर टक्के दाखवतो. मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. बुक करू का?

उत्तर: ताई, जा, नक्की जा, पण या पॅकेजवर नको. शंभर टक्के दाखवतो म्हणणाऱ्याला पैसेच देऊ नका. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेत अख्ख्या भारतात ७१८ हिमबिबटे निघाले, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये, आणि लडाख केवढा मोठा आहे बघा.

आता ५ दिवसांचा हिशोब. नाशिक साधारण ६०० मीटरवर, लेह ३५०० वर, आणि दिल्लीहून विमान तुम्हाला दीड-दोन तासांत तिथे नेऊन टाकतं, शरीराला कळतच नाही काय झालं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्मंसुद्धा नाही, आणि फिट असलं की विरळ हवेचा त्रास होत नाही हा गैरसमज आहे, उलट फिट माणसं पहिल्याच दिवशी फिरायला निघतात आणि आजारी पडतात. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, बाजारातही भराभर चालायचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथवर थांबून बघता येतं, पण बसल्याबसल्या धाप लागली किंवा चालताना झोक जायला लागला तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. मिस्टरांना आधी डॉक्टरांकडे न्या, डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर बेत रद्द, त्यात वाद नको.

म्हणून कमीत कमी १० दिवस काढा. सीझन तुम्ही बरोबर निवडलाय, जानेवारी ते मार्च, बर्फामुळे भरल म्हणजे तिथल्या निळ्या मेंढ्या खाली येतात आणि त्यांच्यामागे तो येतो, शिवाय हेच हिमबिबट्यांचे जोडीचे दिवस. राहायला हेमिस नॅशनल पार्कमधलं रुंबाक बघा, किंवा उल्ले, तिथे गाडी जाते. हॉटेल नको, होमस्टेच घ्या. गावातली पोरं पहाटेपासून स्कोप म्हणजे मोठी दुर्बीण लावून कडे न्याहाळत बसतात, भरल सगळ्या एकाच दिशेला टक लावून उभ्या राहिल्या की ती सावध होतात, आणि त्याने शिकार केलेली सापडली तर तो दोनचार दिवस तिथंच आसपास असतो. आपल्याला नुसता दगड दिसतो हो, शेपटी हलली की मग कळतं.

होमस्टेचं आणखी एक कारण आहे. निफाडच्या उसात बिबट्याने वासरू नेलं की शेतकऱ्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तिथंही तसंच, मेंढ्या-बकऱ्या जातात आणि पूर्वी रागाने हिमबिबटे मारले जायचे. तुमचे पैसे थेट त्या घरात गेले तर तो जिवंत राहण्यात त्या घराचाही फायदा असतो.

थंडी उणे २० पर्यंत जाते, जीन्स अजिबात नेऊ नका, थरावर थर घाला, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, रात्री पांघरुणात घेऊन झोपा.