सर्चची पट्टी दिसत नसेल तर 'टॉप' नंतर, आधी बाहेरचे डिव तपासा

हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. कोडमिरर (वेबपानावर कोड लिहायचा एडिटर) ५ वरून ६ वर आलात, आता कंट्रोल-एफ दाबलं की सर्चची पट्टी फाइलच्या शेवटच्या ओळीखाली उघडते. सर्चच्या सेटिंगमध्ये 'टॉप: ट्रू' केलं तर ती पहिल्या ओळीच्या वर जाऊन बसते. तुम्ही ८०० व्या ओळीवर, म्हणजे दोन्हीकडून दिसेनाशीच.

५ मध्ये पट्टी मुळात वर यायची, ६ मध्ये खाली येते; तेवढं 'टॉप'ने सुटतं. तुमची अडचण वेगळी आहे. ६ ची पट्टी 'पोझिशन: स्टिकी' आहे, त्यामुळे पान सरकलं तरी ती स्क्रीनच्या कडेला चिकटून राहायला हवी. पण एडिटरच्या बाहेरच्या एखाद्या डिवला (पानावरच्या चौकटीला) 'ओव्हरफ्लो: हिडन', म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवणारी सीएसएस, असेल, तर ती पानाऐवजी त्या डिवच्या हिशेबाने चिकटते. तो डिव स्वतः सरकत नाही, मग चिकटणार कशाला? कार्डाचे कोपरे गोल दिसावेत म्हणून हे 'हिडन' सर्रास लावलेलं असतं. तयार थीम विकणाऱ्यांचा मदतकक्ष यावर 'झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या पुढे दिसेल तो क्रम) वाढवा' सांगून मोकळा होतो, आणि माणसाचे दिवस वाया जातात. पट्टी कशामागे लपलेलीच नाही, तर झेड-इंडेक्स काय करणार!

ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये एडिटरपासून एकेक पालक डिव वर चढत तपासा. 'हिडन' सापडलं की तिथे 'क्लिप' लिहा. कोपरे गोल राहतात, स्टिकीही चालतं. सफारी मात्र १६ किंवा पुढची हवी.

माझं मत विचाराल तर एडिटरला सरळ ठराविक उंची द्या, समजा ४०० पिक्सेल, आणि 'सीएम-स्क्रोलर'ला 'ओव्हरफ्लो: ऑटो'. मग ओळी आत सरकतात, पट्टी जागेवर राहते. 'डिस्प्ले: फ्लेक्स' असलेल्या डिवच्या आत १०० टक्के उंची देत असाल तर पालकाला 'मिन-हाइट: ०' हवंच, नाहीतर एडिटर मजकुराबरोबर वाढत जातो.

साइटचा हेडर वर चिकटलेला असेल तर पट्टी त्याच्यामागे जाऊ शकते. 'सीएम-पॅनल्स-टॉप'ला सीएसएसमध्ये हेडरच्या उंचीएवढा 'टॉप' द्या, पण 'इम्पॉर्टंट' लावून, कारण 'टॉप: ०' इनलाइन लिहिलेलं असतं.

'सर्च' हे एक्स्टेन्शन दोन ठिकाणी वेगवेगळ्या 'टॉप' सेटिंगने दिलंत तर कॉन्फिग मर्जची एरर येते. हे सगळं ६ पुरतं. मोनॅको या दुसऱ्या कोड एडिटरला लागू नाही.

बटणं मराठीत हवी असतील तर 'एडिटरस्टेट.फ्रेझेस' वापरा. त्यात 'रिप्लेस' दोनदा लागतो: मोठ्या आद्याक्षराचा लिहायच्या चौकटीसाठी, लहान अक्षराचा बटणासाठी.