ट्रॅव्हिला, मन्रो आणि चुण्यांचं गणित

या अंकासाठी निवडलेले प्रश्न विल्यम ट्रॅव्हिला या हॉलिवूडच्या वेशभूषाकाराबद्दल आहेत. मॅरिलिन मन्रोच्या आठ चित्रपटांतले कपडे त्यांचे.

प्रश्न : मन्रोच्या प्रसिद्ध पांढऱ्या झग्यासारखा झगा नाटकासाठी शिवला. चुण्या बाहेरून पाडून आणल्या होत्या. पहिल्याच धुण्यात त्या गेल्या आणि खालचा घेरही वरखाली झाला. चूक कुठे झाली?

दोन ठिकाणी झाली. पहिली कापडाची. 'द सेव्हन इयर इच'मधला मूळ झगा हस्तिदंती रंगाच्या रेयॉन-अ‍ॅसिटेट क्रेपचा होता. स्टुडिओतला कपडा घरच्या बादलीत पडत नाही, तुमचा पडणार. रेयॉन, रेशीम, सुती यांत वाफेने पाडलेली चुणी पाणी लागलं की सुटते. धुऊनही टिकायला हवी असेल तर कापडात साधारण ६५ टक्के पॉलिएस्टर हवं. मात्र शिफॉन नको, जरा अंग असलेलं क्रेप घ्या. शिफॉन वाऱ्याने उडेल, पण अंगावर परत नीट पडणार नाही. भुयारी रेल्वेच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने झगा उडतो, त्या दृश्याची गंमत तर परत पडण्यातच आहे.

दुसरी चूक क्रमाची. या चुण्या कमरेशी जेमतेम ३ मिमी आणि खाली रुंद होत जातात, म्हणून घेर गोल कापावा लागतो. गोल कापात काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि तेवढाच भाग स्वतःच्या वजनाने लांबतो. तेव्हा कापल्यावर घेर २४ तास टांगून ठेवा, मग खालची कड सारखी करा आणि ४-५ मिमीची बारीक दुमड घालून घ्या. चुण्या त्यानंतरच. चुण्या पडल्यावर कड सरळ कापणं जवळपास अशक्य.

एक शिवण उघडीच ठेवा, कारण कापड दोन घडीदार जाड कागदांत सपाट पसरून, गुंडाळून, बांधून वाफेवर ठेवतात. साचा पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. घाई केली की चुणी अर्धवट बसते. कागदातून काढण्याआधी कमरेच्या कडेला धावदोरा घाला आणि उरलेली शिवण चुणीच्या आतल्या घडीत लपवा.

प्रश्न : 'जंटलमेन प्रेफर ब्लाँड्स'मधल्या गुलाबी झग्याला नाचताना सुरकुती कशी पडत नाही?

सॅटिनच्या मागे फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं नमद्यासारखं कापड, आहे म्हणून. 'डायमंड्स आर अ गर्ल्स बेस्ट फ्रेंड' या गाण्यासाठी आधी बराच उघडा, खड्यांचा पोशाख ठरला होता; मन्रोच्या नग्न छायाचित्रांच्या कॅलेंडरचा गवगवा झाला आणि तो रद्द झाला. त्याजागी आलेला हा झगा देहावर लोळत नाही, खोक्यासारखा उभा राहतो.

करून पाहायचं तर पातळ फेल्ट घ्या आणि चिकटवायला फवाऱ्याचा गोंद, तोही फेल्टला, सॅटिनला नव्हे. ओला गोंद सॅटिनमधून वर येतो आणि डाग वाळल्यावर दिसतो, तोवर उशीर झालेला असतो. आधी तुकड्यावर करून बघा. टिपेचा टाका ३ ते ३.५ मिमी लांब ठेवा. शिवणीच्या आतलं जादा फेल्ट टिपेलगत कापून टाका, नाहीतर शिवण दोरखंडासारखी फुगते.

प्रश्न : त्याच चित्रपटातला सोनेरी झगा पडद्यावर नीट दिसतच नाही. का?

सेन्सॉरच्या दृष्टीने तो फारच उघडा होता, म्हणून काही क्षण पाठमोराच दिसतो. गळा कमरेपर्यंत, कापड चुण्या पाडलेलं लामे, म्हणजे धातूच्या तारांचं चकचकीत कापड. तो इतका घट्ट होता, की मन्रोच्या अंगावरच शिवावा लागे.

प्रश्न : ट्रॅव्हिलांना ऑस्कर या झग्यांसाठी मिळालं का?

नाही. ते मिळालं अभिनेता एरल फ्लिनच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ डॉन वॉन'साठी, लिआ ऱ्होड्स आणि मार्जोरी बेस्ट या वेशभूषाकारांसोबत, मन्रोचे कपडे करायला लागण्याआधी. मन्रोच्या 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर' आणि 'देअर्स नो बिझनेस लाइक शो बिझनेस'साठी नामांकनं झाली. पांढऱ्या झग्याच्या वाट्याला तेही आलं नाही. २०११ मध्ये अभिनेत्री डेबी रेनल्ड्स यांच्या संग्रहातून तो लिलावात निघाला, तेव्हा बोली ४६ लाख डॉलरवर थांबली.